पूर्वेला अंथरलेला मुसल्ला

माझं वय विचारू नका, मित्रांनो. कपाळ टेकतात तिथली विटलेली मखमल पाहा. मी मुसल्ला, नमाज पढायचं आसन. मिरजेच्या बाजारात रशिदाबींनी मला अजिबात घासाघीस न करता घेतलं, हे मी आजही मिरवतो!

काय थाट होता माझा! रशिदाबी वजू करून, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन यायच्या, माझी सुरकुती न सुरकुती काढायच्या. सजद्यात कपाळ नीट टेकल्याशिवाय त्या उठायच्या नाहीत. गल्लीतल्या बायका लेकींना म्हणायच्या, "नमाज शिकायची तर रशिदाखालांकडून शिका."

मग त्यांचे मियाँ वारले आणि मुलगा मुबीन त्यांना पार दक्षिण गोलार्धात, टूवूंबाला घेऊन आला. इथे गाडीशिवाय हलता येत नाही. मुबीन सदा हॉस्पिटलच्या शिफ्टला. दिवसभर घरात आम्ही दोघंच.

पहिल्याच दिवशी रशिदाबींनी एकुलत्या खिडकीतलं दुपारचं ऊन पाहिलं. मिरजेत थंडीत ते दक्षिणेकडून यायचं. म्हणून खिडकीची बाजू दक्षिण धरून, तिकडे तोंड करून त्यांनी मला उजव्या हाताला अंथरलं. मक्का पश्चिमेला ना! पण या देशात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. त्यामुळे उजवा हात पूर्वेला आणि मक्केकडे आमची चक्क पाठ! बाकी नमाज अगदी बिनचूक. मला तरी कुठे ठाऊक होतं?

कित्येक महिन्यांनी मुबीन चार्जर शोधत खोलीत आला. नमाज संपवून रशिदाबी तस्बीहचे मणी ओढत जप करत होत्या.

"अम्मी, उलटी बसलीयस! किब्ला मागे आहे!"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे माझी एकही नमाज पोचली नाही?"

"मुद्दाम थोडीच केलंस? अल्लाह जाणतो. पण मला विचारायचंस ना!"

"कधी विचारू रे? तू घरात असतोस कधी?"

मुबीन ओशाळला. त्याने मला फिरवलं, भिंतीवर बाणाचं स्टिकर लावलं. "आता नो वरीज, अम्मी," म्हणाला आणि शिफ्टला पळाला.

रशिदाबी माझ्यावर डोकं टेकून खूप रडल्या. "इतके महिने उलटी उभी होते," त्या पुटपुटल्या, "आणि कुणी पाहिलंसुद्धा नाही."

मित्रांनो, मला झटका, उन्हात घाला, नीट घडी करा. पण घरात कुणी एकटं नमाज पढत असेल, तर नुसता बाण चिकटवून पळू नका. एकदा शेजारी उभे राहा.

नमाज संपवताना मान उजवीकडे आणि मग डावीकडे वळवून शेजारच्या नमाजींनाही सलाम करायचा असतो. रशिदाबी तो अगदी बरोबर करतात. दोन्हीकडे नुसतं कार्पेट असतं.