गोधडीखालची पेटी

"पुन्हा गोधडी!" कंपनीचा आदेशसाहेब पेटीच्या खांबापाशी कमरेवर हात ठेवून ओरडला. "रोज कोण टाकतं ही?"

"जनावरच टाकतं, साहेब," मी म्हणालो. "त्याला झोपमोड खपत नाय."

साहेब क्षणभर विचारात पडला. हर्षालीनं माझ्याकडं डोळे वटारले. तिची हसायची वेळ नव्हती. पुण्याच्या कंपनीनं आमच्या महाळुंगे पडवळला उसाच्या कडेनं या पेट्या लावल्या होत्या. कॅमेऱ्यात बिबट्या दिसला की पेटीतली बाई बोंबलायची, 'सावधान! बिबट्या आला आहे!' आणि दिवस मावळला की कुणीतरी पेटीवर गोधडी टाकून तिचं तोंड बंद करायचं. आजही तसंच झालं, तर उद्या पेट्या निघणार होत्या, आणि त्यांच्याबरोबर हर्षालीची नवीकोरी नोकरीही.

तिचा बाप दादाभाऊ, आळेफाट्याला गॅरेज चालवणारा. "कंप्युटरला घातली तर ही संगट समाजशास्त्र घिऊन बसली," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. "जोडइषय, मायनर म्हणं! मान्सं काय इंजिन हायेत का राव, खोलून बघायला?" पण कंपनीनं तिला घेतली ती त्या मायनरपायीच. पेटी कळणारे त्यांच्याकडं ढिगानं होते. गाव कळणारं कुणी नव्हतं.

सकाळपासून पोरगी वस्तीभर भिरभिरत होती. विचारलं की सगळे म्हणायचे, "लई झ्याक हाय पेटी." चहा पाजायचे आणि गप्प व्हायचे. उन्हं कलली तशी ती विचारायचीच थांबली. साळुबाईच्या ओसरीवर टेकली आणि तिच्याबरोबर भुईमुगाच्या शेंगा फोडू लागली. मी म्हटलं, झालं, पोरीनं नोकरी सोडली.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आज्जी, तुमी ल्हान असताना कसं कळायचं वो, जनावर आलं म्हणून?"

"कुत्री भुकायची. मंग आय हाळी द्यायची," साळुबाई म्हणाली. "पर नाव न्हाई घ्यायची. दिवेलागणीला त्याचं नाव घेटलं की त्ये येतं." मग खांबाकडं मान उडवून म्हणाली, "आन ही तुमची बया रोज सांजच्याला नाव घिऊन बोलावती त्याला! तोंड नगं का झाकाय तिचं?"

हर्षालीचा हात शेंगेवरच थांबला.

"मंग आज्जी, तुमीच द्या हाळी. पोरास्नी घरात घ्यायच्या टायमाला द्यायचा तशी."

तिनं आवाज टिपायला मोबाईल धरला. साळुबाई अंगणात गेली, पदर खोचला, रस्त्याकडं तोंड केलं आणि अशी हाळी दिली, की आळेफाट्यावर नाशिकची एसटी थांबली. तिथं ती तशीही थांबते म्हणा.

"भरतऽऽ! घरात ये रं! जनावर आलंय!"

भरत तिचा लेक. चाकणला कंपनीत लागला आणि तिकडचाच झाला. फोनवर येतो येतो म्हणतो.

आदेशसाहेबानं ते ऐकलं. "छान आहे. पण नाव कापू. अलर्टमध्ये भरत कशाला?"

"नको सर. राहू द्या." हर्षालीनं मोबाईल मागं घेतला. "नाव कापलं तर नुसती सूचना उरेल. ही हाक आहे."

त्या सांजेला पेटी साळुबाईच्या आवाजात बोलली. कॅमेऱ्यात खरंच ते आलं होतं की आमच्याच कुत्र्याची शेपटी, मला विचारू नका. पण साऱ्या वस्तीनं शेरडं ओढली, लेकरं उचलली. लेकीला न्यायला आलेला दादाभाऊ मोटरसायकल तशीच टाकून माझ्या घरात घुसला.

"मायनरात ह्ये शिकिवत्यात व्हय?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"गप बसून ऐकायला शिकवतात, आण्णा," ती म्हणाली.

सकाळी पेटीवर गोधडी नव्हती. पेट्या राहिल्या. हर्षालीही राहिली; आता गावोगावी अशीच ओसरीवर बसायला तिला कंपनीची गाडी येते.

इथं पेटी अधूनमधून भरतला घरात बोलावते. पहिल्यांदा पोरं हसली, आता हसत नाहीत. हाक आली की भराभर दारं लागतात. साळुबाई मात्र उंबऱ्यात उभी राहून रस्ता बघते. तिचं दार सगळ्यांच्या शेवटी लागतं.