डॅनीचा एकच सेव्ह

थॉमस सरांनी आयुष्यात पत्त्यांचा डावसुद्धा खेळला नव्हता. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तरकी केली आणि मोबाईलवर डोळे लावून बसलेल्या पोरांचे कान पिळले. असा माणूस आता पेन्शनीत, कर्जतच्या घरात, रोज दुपारी जेवण झालं की मुलाच्या कॉम्प्युटरपुढं बसून तलवार चालवायला शिकत होता. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

त्यांचा मुलगा डॅनी डिसेंबरात गेला. नगरला मुलाखत होती, म्हणून आदल्या संध्याकाळी निघाला. वाटेत उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती, मागं ना दिवा ना लाल पट्टी. त्याची मोटारसायकल थेट तिच्यात घुसली. वीस मिनिटांनी मागून आलेल्या एसटीत त्याची शाळेतली मैत्रीण रोहिणी होती. गाडीचा नंबर तिनंच ओळखला, घरी फोनही तिनंच केला.

डॅनीचा खेळ शेवटच्या पायरीवर थांबलेला होता. दोन वर्षं खेळत होता तो. राजा, नदी, पूल, पलीकडची गावं, आणि जागोजागी निवड: याला वाचव का त्याला, खरं सांग का गप्प बस. पहिल्याच गावात एक म्हातारी नावाडीण भेटते.

"तिला सगळे तिथंच सोडतात, सर," रोहिणीनं सांगितलं होतं. "लढत न्हाई, नुसती खाती. डॅनीनं मात्र शेवटपर्यंत सोबत ठेवली."

हे ऐकलं आणि सरांनी मनाशी पक्कं केलं. त्या म्हातारीचं पुढं काय होतं ते बघायचंच. पोराचं काम अर्धवट ठेवायचं नाही.

महिनाभर त्यांनी दुसऱ्या एका सोप्या खेळावर हात बसवला. रोहिणी दर रविवारी येऊन शिकवायची. ज्या पोरीला त्यांनी पाढे पाठ करायला लावले, तीच आता "सर, डावं बटण, डावं," म्हणून त्यांच्यावर खेकसायची. डॅनीची आई लिडियाबाई त्या खोलीत पाय टाकत नसत. चहा झाला की दारातूनच हाक द्यायच्या.

शेवटी एका रविवारी सरांनी डॅनीचा खेळ उघडला. पहारेकऱ्यांना पाडता पाडता घाम फुटला. रोहिणी चहा आणायला आत गेली आणि नेमका तेव्हाच खेळानं विचारलं: पूल तोडायचा, की राहू द्यायचा? डॅनीनं काय केलं असतं? पलीकडच्या माणसांची वाट त्यानं कशाला तोडली असती. सरांनी पूल राहू दिला. लगेच दुसरा प्रश्न आला, जुनं पुसून हे नवं ठेवू का? दिवसभराच्या कामाच्या नोंदवहीवर सही केल्याशिवाय या माणसानं चौतीस वर्षांत शाळेला कुलूप लावलं नव्हतं. झालेलं काम न नोंदवता ते पुढं कसे जाणार? त्यांनी 'हो' दाबलं.

मग नदीला पाणी आलं. राजाचं शहर गेलं, पूल गेला, पडदा काळा झाला. खेळ बनवणाऱ्यांची नावं खालून वर सरकू लागली. सर शेवटच्या नावापर्यंत थांबले. म्हातारीबद्दल कुठं शब्द नाही.

"हे काय?" रोहिणी कप घेऊन आली तशी ते म्हणाले. "हा काय शेवट झाला? मागं घे. दुसरं निवडून बघू."

रोहिणीनं माउस हातात घेतला. ठेवलेल्या खेळांच्या यादीत एकच ओळ होती आणि तिच्यावर आजची तारीख. तिनं यादी दोनदा वरखाली केली.

"डॅनी एकच सेव्ह ठेवायचा, सर," ती हळू बोलली. "म्हणायचा, मागं फिरायची सोय ठेवली तर निवडण्यात मजा काय."

डॅनीनं डिसेंबरात जिथं हात थांबवला होता ती जागा गेली. पोराला दुसऱ्यांदा आपणच घालवलं, असं सरांना वाटलं.

रोहिणी घाईघाईनं म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. मी दोन्ही करून बघितलंय. पूल तोडला तरी पाणी येतंच. आभाळाचा रंग तेवढा बदलतो. म्हातारीचं कुनालाच कळत न्हाई. लई जनांनी शिव्या घातल्या खेळ बनवणाऱ्यांना."

"मग विचारतात कशाला?" सर म्हणाले.

मग जे त्यांनी लिडियाबाईंनाही सांगितलं नव्हतं ते त्यांच्या तोंडून निघालं.

"त्या दिवशी बूट घालता घालता त्यानं मला विचारलं होतं. पप्पा, एसटीनं जाऊ का गाडीवर? मी पेपर वाचत होतो. मान वर न करता म्हणालो, गाडीवर जा, एसटीचा काय भरवसा." त्यांनी चष्मा काढला. "एसटी म्हणालो असतो, तर?"

रोहिणीनं माउस बाजूला सरकवला. त्या एसटीत अर्ध्या जागा रिकाम्या होत्या. तिच्या शेजारची तर ट्रॉलीपर्यंत रिकामीच होती.

"तेच झालं असतं, सर," ती खाली बघत म्हणाली.

सरांनी तिच्याकडं बघितलं. पाचवीत गृहपाठ केला नसला की 'वही घरी राहिली' म्हणताना ती अशीच खाली बघून बोलायची, आणि ते तिला बाकावर उभं करायचे.

"बरं," ते म्हणाले. "चहा घे. गार होतोय."