पडद्यावर लावलेला बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना पितळी बिल्ला आहे. रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा. माझ्यावर एका दिव्याचं चित्र आहे, भोवती नाशिकच्या एका परिचारिका प्रशिक्षण केंद्राचं नाव आहे आणि पाठीवर कोरलंय, 'यमुना गावित'.

१९९४ साली प्रशिक्षण पूर्ण झालं आणि मी यमुनाच्या पांढऱ्या गणवेशावर लागलो. समारंभाला तिची आई झुंबरबाई पेठ तालुक्यातल्या डोंगरातून आली होती. तिने मला पदराने पुसलं आणि विचारलं, "याचा काय उपेग, पोरी?"

"हा बघून लोकांना कळतं, मी शिकलेली नर्स हाय."

झुंबरबाई कितीतरी वेळ माझ्यावरून बोट फिरवत राहिली.

पुढे नाशिक रोडच्या एका रुग्णालयात, लहान मुलांच्या विभागात आम्ही दोघं कामाला लागलो. घाबरलेले आईबाप दारातून आत येत, आधी माझ्याकडे पाहत, मग बाळ यमुनाच्या हातात देत. मला फार अभिमान वाटे. रडणारं मूल तिच्या खांद्यावर शांत होई तेव्हा मात्र कळे, की मी फक्त ओळख करून देतो. काम तिचे हात करतात.

काही वर्षांनी रुग्णालयाने फोटोची प्लॅस्टिकची ओळखपत्रं दिली आणि माझी गरज संपली. यमुनाने मला पर्सच्या कप्प्यात, सेफ्टी पिनांच्या शेजारी ठेवलं. तिथे मी काळा पडत गेलो.

त्याच सुमारास स्टेशनजवळ ललित नावाच्या एका तरुणाने सायबर कॅफे काढला. ड्युटी संपली की यमुना कधीकधी तिथे जाई. इंटरनेटवर 'अंगाई' नावाचा मराठी आयांचा एक गट होता. माहेरापासून लांब राहणाऱ्या मुली तिथे बाळांविषयी विचारत. यमुना उत्तरं देई, पण खाली फक्त 'यमुना, नाशिक' एवढंच लिही. आपलं शिक्षण सांगणं तिला मिरवल्यासारखं वाटे.

एका संध्याकाळी तृप्ती नावाच्या आईने मस्कतहून लिहिलं. तिच्या सात महिन्यांच्या बाळाला सकाळपासून जुलाब होत होते, डोळे खोल गेले होते. 'बालतज्ज्ञ' असं नाव लावलेल्या कुणीतरी सल्ला दिला, की दूध-पाणी सगळं बंद करा. यमुनाने घाईने लिहिलं, 'बंद करू नका. अंगावर पाजत राहा, आणि बाळाला लगेच रुग्णालयात न्या.'

तृप्तीचं उत्तर आलं, 'मी कुणाचं ऐकू? तुम्ही कोण?'

यमुनाचे हात थांबले. शेजारी उभा असलेला ललित हळूच म्हणाला, "ताई, तिला तुमचा चेहरा दिसत नाही, गणवेश दिसत नाही. तुम्ही सांगितल्याशिवाय तिला कळणार कसं?"

यमुनाने भराभर टाईप केलं, 'मी यमुना गावित, नोंदणीकृत परिचारिका. लहान मुलांच्या विभागात काम करते. मी डॉक्टर नाही, आणि इथून बाळाला तपासू शकत नाही. म्हणूनच सांगते, आत्ता निघा.' मग तिने मला पर्समधून काढलं, ओढणीने घासलं आणि ललितच्या स्कॅनरवर ठेवलं. माझं चित्र त्या मजकुराखाली लागलं. नोंदणी क्रमांक मात्र तिने सगळ्यांसमोर टाकला नाही; गट चालवणाऱ्या बाईंना तो वेगळा कळवला.

तृप्तीने लिहिलं, 'निघते.' मग काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपताच यमुना धावत कॅफेत आली. पडद्यावर निरोप होता, 'सलाईन लावलं. आता माझ्याकडे बघून हसतोय.' यमुनाने डोळे पुसले आणि ललितकडे चहा मागितला.

त्यानंतर त्या गटात एक चांगली पद्धत पडली. प्रत्येकजण नावाखाली खरी ओळख लिहू लागला. कुणी 'शिक्षिका', कुणी 'दोन मुलांची आई'. 'बालतज्ज्ञा'नेही काही दिवसांनी लिहिलं, 'मी दुकानदार. ऐकीव सांगत होतो. चुकलं.' यमुनाने त्याला लागेल असं काही लिहिलं नाही. खरं सांगितल्याबद्दल आभार मानले.

मित्रांनो, कष्टाने मिळवलेली विद्या लपवू नका, आणि न मिळवलेली अंगावर लावू नका. पडद्यावर कुणी औषध सांगितलं, तर नम्रपणे विचारा, की आपण काय शिकलात? खऱ्या नर्सला या प्रश्नाचा राग येत नाही. माझ्या यमुनाला कधीच आला नाही.