खोल कोरलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुनी कोनशिला आहे. सात वर्षं मी एका माणसावर डूख धरून होते आणि यंदा मी त्याचा सूड उगवला. मुलांसमोर असं बोलू नये म्हणतात. पण माझ्यावर जे कोरलं तेच मी सांगते, मला दुसरं काही येत नाही.

माझा जन्म शहाबादच्या खाणीतला. दोन इंच जाड, कुठं चीर नाही, अशी मी मुरूम गावात शांतलिंग कारागिराच्या दुकानात भिंतीला टेकून उभी होते. एखाद्या देवळाची पायरी व्हावं, एवढीच माझी इच्छा होती. २०१६ च्या नवरात्रात आमच्या शहराचे नगरसेवक कृष्णराज भाऊ दुकानात आले. शहराचं नाव विचारू नका. धाराशिव जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे.

"नाव मोठं घ्या आणि खोल कोरा," भाऊ म्हणाले. "पन्नास वर्षं दिसलं पाहिजे."

"खोल कोरलं की मागनं पुसता येत न्हाय बघा," शांतलिंग म्हणाला.

"पुसायचंय कुणाला?" असं म्हणून भाऊ हसले. ते हसू मी विसरले नाही.

दसऱ्याच्या दिवशी मला खालच्या गल्लीत नेलं. वरच्या सगळ्या गल्ल्यांचं सांडपाणी उताराने इथं येतं आणि शेवटच्या घरात शिरतं. ते घर धुरपताबाईचं. ती एकटी बाई मंडईत लिंबं आणि कोथिंबीर विकायची. माझ्यावर लिहिलं होतं, 'खालची गल्ली नाली बांधकाम, भूमिपूजन शुभहस्ते मा. कृष्णराज भाऊ'. खाली तारीख होती. धुरपताबाईने मला हळदीकुंकू वाहिलं, भाऊंना ओवाळलं. नारळ फुटला. भाऊंनी तिच्या दारासमोर फोटोपुरत्या चार कुदळी मारल्या. निवडणूक झाली, भाऊ पुन्हा निवडून आले आणि गल्लीकडे फिरकले नाहीत.

नाली झालीच नाही. राहिला तो चार कुदळींचा खड्डा. पाण्याने तो वाढत गेला. दुसऱ्या पावसाळ्यात धुरपताबाई त्यातच घसरली आणि तिचा खुबा मोडला. सहा महिने ती अंथरुणावर होती. तिची टोपली खुंटीला लागली ती लागलीच, मंडई कायमची सुटली. मी तिच्या दारासमोर उभी राहून हे सगळं पाहत होते. ज्याच्या नावासाठी मी छिन्नीचे घाव सोसले, त्याने माझ्याच साक्षीने या बाईच्या तोंडाला पानं पुसली होती. त्या दिवसापासून मी डूख धरला.

काठी टेकत ती पहिल्यांदा बाहेर आली तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्ये नाव दिसलं की पाय ठणकतोय माझा. पालथी घाला हिला."

बायकांनी मला ओढत सार्वजनिक नळापाशी नेलं आणि तोंड खाली करून टाकलं. माझ्या पाठीवर रोज गोधड्या आपटल्या जाऊ लागल्या. सुरुवातीला मी तिच्यावरही चिडले. पूजा करायची आणि मग मातीत तोंड घालायचं, ही काय रीत झाली? पुढं माझ्या लक्षात आलं की ऊन नाही, पाऊस नाही, माझं एकही अक्षर झिजत नव्हतं. मग मी वाट बघायला लागले. आम्हा दगडांना ते चांगलं जमतं.

भाऊंची पाच वर्षं संपली, त्यानंतर प्रशासक आले. यंदा निवडणुकीचं वारं सुटलं आणि आचारसंहिता लागायच्या आत भाऊ खालच्या गल्लीत हजर झाले. मंडप, बँड, नारळ घेतलेले गुरुजी आणि टेम्पोत पांढरी शुभ्र नवी कोनशिला. भाऊ माईकवर म्हणाले, "या गल्लीच्या नालीचा शुभारंभ आज पहिल्यांदाच होतोय!"

धुरपताबाईने काठी वर केली. "आन् त्या दसऱ्याला फोडला त्यो नारळ कशाचा व्हता?"

"मावशी, तुमचा काहीतरी घोळ होतोय. तेव्हा नुसती पाहणी झाली होती."

मंडपातले काही जण हसले. म्हातारीचं तोंड एवढंसं झालं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मी पालथी होते.

शेजारची महेश्वरी, अंगणवाडीची सेविका, नळावर पाणी भरत होती. तिने घागर खाली ठेवली. "मावशी, पुरावा हितं हाय की," ती म्हणाली. चार बायकांनी पहार घातली आणि मला उलटवलं. सात वर्षांनी मी आभाळ पाहिलं. धुरपताबाईने माझ्यावर पाणी ओतलं आणि केसातल्या आकड्याने अक्षरांतली माती कोरून काढली. महेश्वरीने अंगणवाडीतल्यासारखं एकेक शब्द सुटा करून वाचलं. नाव वाचलं, मग तारीख दोनदा वाचली. सगळ्यांचे मोबाईल माझ्याकडे वळले. भाऊंचा चेहरा माझ्या रंगाचा झाला आणि मला मनापासून आनंद झाला.

गुरुजींनी विचारलं, "भाऊ, नारळ कुठं फोडू?"

"आमचा नारळ कवाच फुटलाय," धुरपताबाई म्हणाली. "आता खोदायचं यंत्र बोलवा."

यंत्र त्याच दुपारी आलं. एवढ्या मोबाईलसमोर दुसरं काही करण्याची सोय नव्हती. नवी कोनशिला टेम्पोतून तशीच परत गेली. तीन आठवड्यांत नाली झाली. धुरपताबाईच्या दारापुढं मात्र झाकणाची एक फरशी कमी पडली.

"हिलाच टाका," ती म्हणाली. "अक्षरं वर करून."

आता तिच्या उंबऱ्याबाहेर पहिली मी लागते. माझ्यावर पाय दिल्याशिवाय त्या घरात कुणाला जाता येत नाही.

परवा भाऊ मतं मागायला आले. हात जोडून, हसत, दारापर्यंत आले आणि खाली बघून थबकले. पायाखाली मी होते.

"या की भाऊ," धुरपताबाई आतून म्हणाली. "बिनधास्त पाय ठेवा. अक्षरं लई खोल हायती, पाय अजिबात घसरत न्हाय."

भाऊंनी उचललेला पाय तसाच मागं घेतला. लांबूनच नमस्कार करून ते निघून गेले.

मित्रांनो, मतदान अजून व्हायचं आहे. तुमच्या गल्लीतही माझ्यासारखी एखादी कुठंतरी पालथी पडली असेल. तिला फोडू नका, टाकून देऊ नका. उलटून, धुऊन, मोठ्याने वाचा. धुरपताबाईने खुंटीवरची टोपली काल खाली काढली. ती आता दारातच लिंबं घेऊन बसते आणि बसताना काठी माझ्यावर टेकवते, बरोबर भाऊंच्या नावावर.