आडवं कापलेलं पिंप

केराबाईने भुरी मेंढीच्या मानेवरची कातडी चिमटीत ओढली आणि सोडली. कातडी जागेवर बसेचना. तशीच उभी राहिली.

"आगं बया! ही तर तहानंनं वाळलीय."

भुरी गाभण होती, दिवस भरत आले होते. आणि दहा पावलांवर पाणी होतं की! सांगोल्याकडच्या त्या माळावर टँकर चार दिवसांनी यायचा, तो फक्त माणसांसाठी. मेंढरांना बोअरचं मचूळ पाणी, तेही करंगळीएवढं पडायचं. पण दुपारपर्यंत पिंप भरायचं. मग ही मेली तहानलेली राहिली कशी?

केराबाई बाभळीच्या आडोशाला बसून राहिली. मेंढरं आली. सगळ्यांत पुढे चंद्री. आई मेलेल्या चंद्रीला केराबाईनेच बाटलीने दूध पाजलं होतं, थंडीत आपल्या घोंगड्यात घेतलं होतं. चारचौघांत चंद्रीचं कौतुक सांगताना केराबाईचं तोंड दुखायचं नाही. चंद्री पोटभर प्याली आणि तिथंच उभी राहिली. भुरीने मान पुढे केली. चंद्रीने डोकं खाली घातलं आणि सरळ तिच्या पोटात ढुशी दिली. भुरी मागे सरली. पुन्हा आली. पुन्हा ढुशी, त्याच जागी. मग चंद्री हलली तशा बाकीच्या दांडग्या घुसल्या.

केराबाई आडोशातून उठली. आपल्या हातचं जनावर असं करतं?

मेंढरांच्या गलक्याने तिचा नवरा धुळा झोपेतून उठून धावत आला. त्याने मेंढरं हाकलली.

"मी म्हनलं हुतं, पिंप उबं कापू. लांब डोण झाली असती, धा तोंडं लागली असती. कोन कुनाला आडवतंय मग? तू आडवं कापाय लावलंस."

"पानी उन्हानं उडतंय म्हनून..."

पाणी खोल राहिलं तर टिकतं, असं केराबाईचं म्हणणं होतं. पण पिंपाचं तोंड ते केवढंसं! एक दांडगी आडवी उभी राहिली की संपलं.

तिने तळातलं पाणी घमेल्यात काढून भुरीपुढे ठेवलं. भुरी पीतच राहिली. केराबाईने तिच्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ काहीच नाही. मग आतून एक लाथ बसली.

"हाय! जित्तं हाय!"

तिला रडूच फुटलं. मागे सून उभी होती. तिचं नाव प्रियदर्शनी, पण एवढं लांबलचक नाव केराबाईच्या जिभेवर कधी बसलं नाही. तिलाही आठवा महिना, म्हणून मेंढरांत जायची सासूची मनाई.

"दर्शने, दारातनं तुला दिसलं न्हाय व्हय गं हे?"

"आट दिस झालं, आत्या. सांगितलं की तुमाला. तुमी म्हनला, माज्या चंद्रीवर आळ घेऊ नगंस."

केराबाई तसं म्हणालीच होती. ती खाली बघू लागली. मग एकदम तिने मान वर केली.

"आट दिस? एवड्या उन्हात आट दिस पान्याबिगर मेंढरू जगतंय व्हय?"

दर्शनीने पदर तोंडावर ओढला. केराबाईने तो बाजूला केला. ओठांना चिरा पडल्या होत्या.

घरातल्या रांजणावर केराबाईची नजर असायची. माणशी चार तांबे, रोज सकाळी ती स्वतः भरून द्यायची. वर कुणी मागायचं नाही.

"तुजं पानी?"

"समदं न्हाय. दोन तांबं. सांजंला भुरीला दारात बांधत्यात, तवा. पिंप कोरडं असतंय." दर्शनी जरा थांबली. "तिच्याबी पोटात हाय की, आत्या."

केराबाई घरात गेली, रांजणात तांब्या बुडवला आणि तसाच निथळता बाहेर आणला. घाईत निम्मं पाणी वाटेतच सांडलं.

"पी," ती म्हणाली. "माज्या देखत पी."

दर्शनी घटाघट पिऊ लागली. श्वास घ्यायलाही थांबेना. केराबाईला तो आवाज ऐकवेना.