पाचव्या दुकानाचं गाऱ्हाणं

फुटाण्यांच्या भट्टीतली गरम वाळू.

कासाराचा आरसा. मधोमध तडा, म्हणून प्रत्येक बाईला दोन नाकं.

भिंतीभिंतीला मारलेला चुना. पुढे कितीतरी दिवस भाकरीलाही त्याचाच वास.

उलटी घातलेली मडकी.

सुक्या बोंबलांच्या टोपलीशी बसलेली मांजर.

“व्हय म्हाराजा!”

*

लालबागच्या त्या जुन्या ओळीतलं एकही दुकान आता उभं नव्हतं. गाठीचा ताप, प्लेग, आला तेव्हा सरकारी माणसांनी आधी कौलं उतरवली, मग भिंती पाडल्या. त्याला दोन वर्षं होऊन गेली. आज परळला तुळसाच्या ताडी-माडीच्या नव्या दुकानासमोर जुनी मंडळी जमली होती. दार उघडायला अजून अवकाश होता. तोवर कुशाबाने खेळ काढला. जुन्या ओळीच्या टोकापासून आठवणीनेच चालायचं, एकाने एक दुकान सांगायचं. चुकेल त्याला आज माडी नाही.

“पहिला भट्टीवाला,” कुशाबा म्हणाला. “फुटाणे कमी, वाळू जास्त.”

“दुसरा कासार,” मासळीवाली मीराबाई म्हणाली. “मेल्याने एवढीशी बांगडी चढवली, अख्खी ओळ गोळा झाली ओरडा ऐकून.”

“तू ओरडलीस?”

“तो ओरडला. मी चावले ना त्याला!”

“तिसरं तुझंच,” कुशाबा म्हणाला. “बोंबील, आणि बोंबलांवर मांजर.”

“मांजर राखणीला होती रं.”

“चौथा न्हावी,” कुशाबाच म्हणाला. “जगन्या, पुढचं तुझं.”

जगन जमिनीकडे बघत म्हणाला, “सहावा तांबट. सकाळपासून नुसती ठोकाठोक.”

“अरे, पाचवं गिळलंस की!”

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. पाचवं दुकान तुळसाच्या नवऱ्याचं होतं, दत्तूचं.

*

दत्तू रोज पहिलं मडकं उघडायचा आणि पहिली करवंटी उंबऱ्यावर राखणदाराला, जागेच्या देवाला, ओतायचा. गाऱ्हाणं जगन घालायचा. गिरणीत मागांच्या खडखडाटावरून पलीकडच्याला हाक मारून मारून त्याचा आवाज तसा झाला होता.

गाऱ्हाणं मनातल्या मनात घालत नाहीत. माणसाचं नाव घ्यायचं, दुखणं सांगायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला होकार द्यायचा. अर्धं सांगितलेलं दुखणं देव अर्धंच बरं करतो, असं गावाकडे सगळे मानत.

त्या वर्षी दत्तूला ताप भरला. तुळसाने मडकी उलटी घालून दुकान बंद केलं आणि त्याला मडक्यांच्या उतरंडीमागे गोणपाटाखाली लपवून निजवलं. जगनने उंबऱ्यावर नारळ ठेवला. दत्तूचं नाव घेतलं. काखेतली गाठ सांगितली. तो कुठे निजलाय तेही सांगितलं, राखणदाराला माणूस सापडायला नको?

“व्हय म्हाराजा!”

रोगी शोधायला आलेल्या तुकडीतला हवालदार कोकणातलाच होता. त्याला शब्द न् शब्द कळला.

दत्तूला डोलीत घालून इस्पितळात नेलं. तो परत आला नाही.

*

तुळसा नारळ घेऊन बाहेर आली.

“जगनभावजी, गाऱ्हाणं तुम्ही घाला.”

“कुशाबा घालील. माझा आवाज बसलाय.”

“बसलाय?” कुशाबा म्हणाला. “काल गिरणीत जॉबरला शिव्या घातल्यास त्या माहीमपर्यंत गेल्या!”

“मग दार उघडत नाही,” तुळसा म्हणाली. “मडकी भरून पडलीत, दुपारपर्यंत आंबतील. आंबू देत. गाऱ्हाण्याशिवाय मी करवंटीभर विकायची नाही.”

जगन उंबऱ्याशी गेला. ओठ हलले. होकार आला नाही, कारण कुणालाच काही ऐकू गेलं नव्हतं.

“काय रं,” मीराबाई म्हणाली, “देव काय तुझ्या तोंडात बसलाय?”

नाक्यावर पिवळ्या पगडीचा शिपाई तंबाखू मळत उभा होता. जगन त्याच्याकडेच बघत होता.

“वहिनी, मोठ्याने नको.”

तुळसा जवळ आली. “हवालदाराने कुणाचं ऐकलं ते मला ठाऊक आहे,” ती हळू म्हणाली. “मी आत त्यांच्या उशाशी होते. ‘व्हय म्हाराजा’ सगळ्यांत मोठ्याने मीच म्हटलं.”

मग तिने स्वतःच नारळ उंबऱ्यावर ठेवला. बायका गाऱ्हाणं घालत नसत. कुशाबा उठू लागला, मीराबाईने त्याला धोतर धरून खाली बसवलं.

“बा देवा म्हाराजा,” तुळसा म्हणाली. “पाचव्या दुकानाचो धनी दत्तू…”

पुढचे शब्द तिला येत नव्हते. ती थांबली. दत्तूचं नाव तिथेच लटकत राहिलं, आणि सगळे जगनकडे बघू लागले.

“…तेच्या घरकारणीन,” जगन म्हणाला. मग घसा फुटेल अशा आवाजात, “तेच्या घरकारणीन जो काय नवो धंदो मांडल्यान हा, तेका यश दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

शिपायाने वळून बघितलं. तरीही जगनने इडापीडा सांगितली, वाटेतली विघ्नं सांगितली, काही सोडलं नाही. तुळसाने पहिली करवंटी उंबऱ्यावर ओतली.

दुसरी तिने जगनपुढे धरली.

“हरलाय तो,” कुशाबा ओरडला. “पाचवं चुकला!”

“हो, हरलो,” जगन म्हणाला आणि करवंटी त्याने घेतली नाही.

दत्तूला नेलं त्या दिवशी, जगनने नारळ ठेवला तेव्हा तपासणीची तुकडी ती ओळ संपवून पुढच्या चाळीकडे निघून गेली होती. गाऱ्हाण्याचा आवाज ऐकून ती मागे फिरली.