दुकानाचंच टाक

"आकडा वाच म्हणतोय ना! बहीण तुझी असेल, बायको माझी आहे."

दाजींनी काउंटरच्या काचेवर अंगठीचं बोट आपटलं. काचेखाली मांडलेली मोबाईलची कव्हरं हलली. काउंटरमागचा पोरगा, चिमटा, मात्र जागचा हलला नाही. कॉम्प्युटरच्या पडद्याला पाठ लावून तो असा उभा राहिला, की दाजींनी मान कितीही वाकडी केली तरी पडदा दिसू नये.

"मामा, तुम्ही सांगा याला."

दुरुस्तीचं दुकान मामाचं. चिमटा त्याचा सख्खा भाचा. शाळा त्यानं सोडली की शाळेनं त्याला, यावर घरात अजून वाद होता. बारीक स्क्रू उचलण्यात आणि माणसांना टोचून बोलण्यात सारखाच पटाईत, म्हणून सगळे त्याला चिमटा म्हणायचे. आईबाप गेल्यावर मामानंच त्याला आणि ताईला वाढवलं. ताईचं लग्नही मामानंच जमवलं. हे मामा विसरायचा नाही आणि कोणाला विसरूही द्यायचा नाही.

"वाच रे," मामा म्हणाला. "घरातली गोष्ट आहे, घरातच मिटू दे."

"मग ती घरात होती तेव्हा का नाही मिटवली?"

"तोंड सांभाळ!"

ताई घर सोडून गेली त्याला बरेच महिने झाले होते. फोन पलंगावर ठेवून गेली, सिमकार्डासकट, आतलं सगळं पुसून. कुठे गेली, कोणालाच पत्ता नाही. दाजींनी नातेवाईक पालथे घातले, मैत्रिणींच्या दारात जाऊन आरडाओरडा केला. शेवटी आज ऑफिसातल्या कोणीतरी त्यांना शहाणपण शिकवलं. तिचं ईमेल उघडा, सगळं त्यातच सापडेल. दाजींनी 'पासवर्ड विसरलो' दाबलं. तिचा नंबर तिनं खात्यातून आधीच काढला होता, तेव्हा उत्तर आलं की कोड दुसऱ्या पत्त्यावर पाठवतो. त्या पत्त्याची पहिली दोन अक्षरं दिसत होती, पुढे नुसत्या चांदण्या. पण ती दोन अक्षरं मामाच्या दुकानाच्या पाटीवर ठळक रंगवलेली होती. दाजी गाडी काढून थेट इथंच आले.

आणि हा घोळ चिमट्याच्याच हातचा. गिऱ्हाइकानं नवा फोन घेतला की तो खातं काढून द्यायचा. खातं काढताना विचारतात, कधी कुलूप अडकलं तर दुसरा पत्ता कोणता? गल्लीत दुसरा पत्ता होता कोणाकडे? इथं पहिल्याचीच बोंब. "दुकानाचंच टाक," मामा म्हणायचा, आणि चिमटा टाकून मोकळा व्हायचा. शिंपीण, वॉचमन, दातांचा डॉक्टर, सगळ्यांच्या मागे दुकानाचं एकच खातं. "अख्ख्या गल्लीच्या चाव्या आपल्याकडे!" मामा ऐटीत सांगायचा. ताईच्या लग्नातल्या फोनवरही चिमट्यानं तेच टाकलं होतं. आपलंच तर आहे, म्हणून.

कॉम्प्युटर टिंग वाजला.

"आला!" दाजी ओरडले. "वाच."

चिमट्यानं वळून आकडा पाहिला आणि तोंडाला येईल तो भलताच सांगितला. दाजींनी तो फोनवर टाकला. चूक. मग त्यानं दुसरा सांगितला. तोही चूक. तिसऱ्या वेळी फोननंच हात टेकले. थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा, म्हणाला.

"मुद्दाम करतोय हा!" काउंटरच्या उघडझापीच्या फळीला आतून खिटी होती. दाजींनी फळीवरून हात घातला आणि चिमट्याची कॉलर धरली.

तोच हात. ताईच्या दंडावर उमटलेली चार बोटं चिमट्यानं बघितली होती, भर उन्हाळ्यात लांब बाह्यांखाली लपवलेली. मामाला सांगितलं, तर मामा म्हणाला होता, "पडली असेल कुठेतरी."

"कॉलर मी इस्त्री केलीय," कोपऱ्यातून आवाज आला. "चुरगाळू नका."

इस्त्रीवाले काका. फोनचा स्पीकर बदलून घ्यायला आले होते आणि मघापासून स्टुलावर बसून पंख्याकडे बघत होते. आताही ते पंख्याकडेच बघत होते. परक्या माणसासमोर दाजींचा हात सैल पडला.

"जावईबापू, तुम्ही शांत व्हा," मामा घाईघाईनं म्हणाला. "मीच वाचतो. चष्मा वर घरात राहिलाय, आणतो. तुम्ही तोवर कोड परत मागवता येतो का बघा."

मामा मागच्या जिन्यानं वर गेला. दाजी फुटपाथवर जाऊन ऑफिसातल्या त्या शहाण्याला फोन लावू लागले. एक डोळा दुकानावर होताच.

चिमटा खुर्चीत बसला. दुकानाचं खातं समोर उघडंच होतं.

ताईच्या नावाच्या फक्त दोन सूचना होत्या. त्यानं त्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. तुमच्याशी जोडलेल्या खात्यात नव्या फोनवरून प्रवेश झाला आहे, एवढंच त्यात होतं. पहिली आली तेव्हा तो एका फोनला डाग देत होता. वाचता वाचता तापलेली डागणी बोटाला लागली, तरी कळलं नाही. ताई आहे. कुठेतरी आहे, नवा फोन घेण्याइतकी धड आहे. त्यानं कोणाला सांगितलं नाही. तेव्हापासून सकाळी शटर वर केलं की झाडू मारायच्या आधी तो हे खातं उघडून बघायचा.

ती दुकानाचा पत्ता काढायला विसरली असेल. किंवा मुद्दाम ठेवला असेल, या येड्याला कळू दे म्हणून. कोणाला विचारणार?

कोड मागवायचा तर त्यालाही कधीच मागवता आला असता. कितीदा बोट तिथवर गेलं होतं. मला पण नाही सांगितलंस, ताई? मी काय त्यांच्यातला? पण बोट प्रत्येक वेळी मागे आलं होतं. तिच्या गोष्टींत न विचारता हात घालणारे एक दाजी होते, तेवढे पुरे होते.

आणि आज तिचं खातं उघडून दुकानाचा पत्ता काढायचा म्हटलं, तरी आधी तिचा पासवर्ड मोडावा लागणार. ती बाहेर अडकणार. घाबरणार, आपण सापडलो म्हणून.

वर मामाच्या पावलांचा आवाज झाला.

चिमट्यानं सेटिंग उघडलं. पार खाली, जिथं कोणी जात नाही तिथं गेला. खातं कायमचं बंद करायचं? यातली सगळी पत्रं पुसली जातील. खात्री आहे? त्यानं त्या दोन सूचना पुन्हा एकदा वाचल्या आणि दाबलं.

पान पांढरं झालं.

या खात्याला जोडलेला नंबर त्याचा स्वतःचा होता; त्यावरून ते परत उघडता आलं असतं. त्यानं फोनमधून सिम काढलं आणि कटरनं त्याचे दोन तुकडे केले.

मामा चष्मा पुसत खाली आला. "कुठाय कोड?"

"कोड नाही. खातंच नाही. बंद केलं."

"कुठलं खातं?"

"दुकानाचं."

मामा पडद्याकडे बघत राहिला. मग खुर्चीची पाठ धरून म्हणाला, "अरे, गल्लीतल्या लोकांनी काय करायचं? उद्या कोणाचं अडकलं तर?"

"माझ्या नावानं शिव्या द्यायच्या."

"आणि पोरीचा धागा होता तो एक. तुला तरी कळणार आहे का आता, ती आहे की..." मामानं चष्मा मुठीत आवळला. "कळतंय का गाढवा, काय केलंस ते?"

"कळतंय," चिमटा म्हणाला.

मामानं हात उगारला नाही. न घातलेला चष्मा खिशात ठेवला आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"काय रे," इस्त्रीवाले काकांनी फोन पुढे केला, "माझं पण तिकडेच होतं ना? मग आता कोणाकडे?"

"तुमच्याकडेच, काका." चिमट्यानं भराभर नवं खातं सुरू केलं, जुन्याच्या मागे जोडलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. "इथं पासवर्ड टाका. कोणाला सांगायचा नाही. घरी नाही, मामाला नाही, मला पण नाही. मी बघत नाही."

त्यानं तोंड रस्त्याकडे फिरवलं. फुटपाथवर दाजींनी फोन खिशात टाकला आणि ते दुकानाकडे वळले. काकांनी ते पाहिलं. बसल्या बसल्याच स्टूल सरकवून त्यांनी आत यायची फळी अडवली आणि ते जाडजूड बोटानं पुढचं अक्षर शोधू लागले.

"झालं का, काका?"

"थांब रे, हे चांगलं लांबलचक घेतलंय मी."

"घ्या सावकाश," चिमटा मागच्या दाराची कडी काढत म्हणाला. "मला आता निघायला हवं."